नागिओसच्या मॅपवर आयकॉन लावले

मंगळवार, रात्री उशिरा

आज जवळपास सगळा दिवस नागिओसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं चालू आहेत की बंद यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, होस्टचे (त्यातल्या एकेका यंत्राचे) आयकॉन लावण्यात गेला आणि फार मजा आली. आत्तापर्यंत आमचा मॅप उघडला की सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. रात्रपाळीच्या पोराला काहीतरी डाऊन झालंय एवढं दिसतं, पण ते स्विच आहे, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आहे की गेटवरचं बायोमेट्रिक, हे नाव वाचून लावायचं, आणि नावं तरी कसली, एसडब्ल्यू-बी२-०४ वगैरे.

तसं काम सोपंय. चित्र लोगोजच्या फोल्डरमध्ये टाकायचं, होस्टच्या डेफिनिशनमध्ये (कॉन्फिग फाइलमधल्या त्याच्या नोंदीत) आयकॉन इमेजच्या ओळीत फाइलचं नाव द्यायचं, जुन्या सीजीआयवाल्या (सर्व्हरवरच चित्र बनवून दाखवणाऱ्या) मॅपसाठी स्टेटसमॅप इमेजची ओळ वेगळी, तिथे पीएनजी चालतं पण जीडी२ या फॉरमॅटमध्ये केलेलं बरं, मॅप काढताना सीपीयू कमी खातो. आणि एकेका होस्टला लिहीत बसायचं नाही, स्विचच्या टेम्पलेटमध्ये एकदा टाकलं की ते टेम्पलेट वापरणारे सगळे स्विच आपोआप तोच आयकॉन घेतात, एखाद्याला वेगळा हवा असेल तर त्याच्या स्वतःच्या डेफिनिशनमध्ये लिहायचा, मग तिथलाच चालतो. शेवटी नागिओसच्या कमांडला मायनस व्ही (-v) लावून कॉन्फिग तपासायची आणि मगच रिलोड.

खरा वेळ गेला तो चित्रांवर. ४० बाय ४० पिक्सेल म्हणजे नखाएवढी जागा, त्यात अक्षरं वाचताच येत नाहीत, म्हणून यूपीएसला जाड रेघेची बॅटरी काढली, मधे एक वीज, बस्स. बॅकग्राउंड ट्रान्सपरंट. लाल-हिरवा रंग मी कुठल्याच आयकॉनमध्ये येऊ दिला नाही, ते रंग अप-डाऊनसाठीच राहायला हवेत, सगळे आयकॉन राखाडी. कंपन्यांचे लोगो लावायचा आग्रह होता ऑफिसात, दिसतात छान, पण एकाच कंपनीचा राउटर पण असतो आणि स्विच पण, मग लोगो बघून कळणार काय? वस्तू काय आहे तेच दिसलं पाहिजे, या मुद्द्यावर मी अडून बसलो आणि ऐकलं सगळ्यांनी.

संध्याकाळी पाळी बदलताना पोराला काहीच न सांगता मॅप दाखवला, तर लगेच बोट ठेवून म्हणाला, दादा, हा यूपीएस ना, आणि याच्या खाली दोन स्विच? बरोबर होतं. आता प्रिंटर आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट राहिलेत, ॲक्सेस पॉइंटचं चित्र अजून मनासारखं जमत नाहीये, ते उद्या.