सध्या काय वाचताय आणि कुठे अडलाय?

परवा एका जुन्या मैत्रिणीला सहज विचारलं, सध्या काय वाचतेयस गं, तर ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "खरं सांगू की चांगलं सांगू?" मला जाम हसू आलं. कारण हा प्रश्न आला की आपण सगळेच हीच लबाडी करतो ना, उशाशी तीन आठवडे एकच पुस्तक पडलेलं असतं, त्यात खूण म्हणून कसलीतरी पावती खुपसलेली असते आणि ती पावती काही पुढे सरकत नाही, पण तोंडातून नाव निघतं ते दोन वर्षांपूर्वी वाचलेल्या एखाद्या भारदस्त कादंबरीचं.

म्हणलं खरं सांग. तर बाईसाहेब 'रेत समाधी' वाचतायत. गीतांजली श्री यांची, मूळ हिंदीच. २०१८ ला आलेली आणि मग डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं इंटरनॅशनल बुकर मिळालं तेव्हा सगळ्यांनी धडाधड विकत घेतलेली आणि बऱ्याच जणांनी नुसतीच ठेवून दिलेली (मी त्यातलीच, उगाच दुसऱ्यांना कशाला नावं ठेवा). मैत्रीण म्हणे, "अगं ऐंशी वर्षांची बाई आहे, नवरा गेलाय, भिंतीकडे तोंड करून झोपलीय, सगळं घर तिला ऊठ ऊठ म्हणतंय आणि ती उठतच नाहीये. आता तर मी पण तिला ऊठ म्हणायला लागलेय. इतकी पानं झाली, बाई काही हलत नाही. आणि सोडवत पण नाही, काय करू?"

एवढ्यावर मी घरी येऊन माझी प्रत शोधून काढली, वरची धूळ पुसली आणि त्याच रात्री सुरू केली. बुकर मिळालं तेव्हा जे झालं नाही, पेपरांत एवढं लिहून आलं तेव्हा झालं नाही, ते हिच्या कुरकुरीनं झालं.

मग विचार करत बसले तर लक्षात आलं की माझं हे कायमच असं आहे. कुणी 'अप्रतिम', 'मस्ट रीड', 'आयुष्य बदललं' असलं काही म्हणलं की मी ते नाव फोनमधल्या यादीत टाकते, ती यादी आता दीडशेच्या वर गेलीय आणि ती मी उघडतसुद्धा नाही. वाचते ती पुस्तकं, ज्यांच्याबद्दल कुणीतरी मनापासून चिडून बोललेलं असतं. म्हणजे पुस्तक टाकाऊ आहे म्हणून चिडलेलं नाही हां, पुस्तकात गुंतलाय आणि म्हणून चिडलाय असा माणूस. तो कुठे अडला, कुठे कंटाळला आणि तरी का सोडलं नाही, एवढं कळलं की मला ते पुस्तक हातात घेतल्यासारखं कळतं. 'अप्रतिम'मधून काय कळतं? काही नाही. अप्रतिम तर साडी पण असते.

'रारंगढांग'चंच घ्या. प्रभाकर पेंढारकरांचं, १९८१ चं. मराठीत कुणी कुणाला पुस्तक सुचवायचं म्हणलं की पहिल्या पाचात हे येणार म्हणजे येणारच, खास करून ज्याला वाचायची सवय नाही त्याला तर हमखास हेच देतात. हिमालयात रस्ता बांधायचाय, विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनियर, लष्कराची शिस्त एकीकडे आणि ह्याला जे बरोबर वाटतं ते एकीकडे. एका बैठकीत संपतं, वगैरे वगैरे. मी हे किमान पंधरा जणांकडून ऐकलं आणि प्रत्येक वेळी माझा उत्साह थोडा कमीच झाला, कारण सगळेच एका सुरात चांगलं म्हणतात ते मला शाळेतल्या पाठासारखं वाटायला लागतं. शेवटी ऑफिसमधला एक जण चहाच्या वेळी म्हणाला, "पुस्तक भारी आहे, पण तो विश्वनाथ जरा अतीच सरळ आहे राव, अशा माणसाबरोबर काम करायचं म्हणजे वैताग." आणि मला वाटलं, अरे, हे कुणी आधी का नाही सांगितलं! सरळ माणूस भोवतीच्या लोकांना किती जड जातो हे बघायला म्हणून मी ते वाचलं आणि दोन दिवसांत संपवलं. आता मी पण सगळ्यांना सांगते, पण विश्वनाथच्या वैतागासकट सांगते.

ह्यावर एकजण म्हणाला की म्हणजे तुला नकारात्मकच आवडतं. नाही ओ. फुकटची टीका मला आवडत नाही, 'ओव्हररेटेड' हा तर माझ्या मते अप्रतिमचा जुळा भाऊ आहे, तेवढाच आळशी.

नंदा खरे यांच्या 'उद्या'चं वेगळंच झालं. २०१४ ची कादंबरी, तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो घेतला नाही, आपण काही वर्षांपासून पुरस्कार घेणं थांबवलंय म्हणाले. ह्या बातमीमुळे बऱ्याच लोकांनी पुस्तक शोधलं. आता लेखकानं पुरस्कार नाकारला म्हणून पुस्तक वाचायचं हे कारण मला तेव्हा जरा विचित्रच वाटलं होतं, पण असू दे, कुठल्या का दारातून होईना माणूस आत आला ना. माझ्या आतेभावानं घेतली आणि चाळीसएक पानांवर मला फोन केला, "ताई, हे मराठी आहे पण मला कळत नाहीये." म्हणजे उद्याच्या जगातली, सगळ्यांवर पाळत ठेवलेल्या जगातली माणसं आहेत, ती बोलतात पण उद्याचंच, लेखक थांबून काही समजावून सांगत नाही. मी त्याला म्हणलं थोडी कळ काढ, एखाद्या परक्या ऑफिसात पहिल्या दिवशी जसं सगळे काय बोलतात ते कळत नाही आणि आठवड्यानं आपण पण तेच बोलायला लागतो ना, तसं होईल. झालं तसंच. आता तो त्यांचीच 'अंताजीची बखर' घेऊन बसलाय आणि मला रोज त्यातले तुकडे वाचून दाखवतो, अंताजी कसा पळाला आणि कसा वाचला, मला काम करू देत नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. वरची सगळी पुस्तकं विकत घ्या किंवा लायब्ररीतून आणा. मी कुठलंही नाव घेतलं की तिसऱ्या मिनिटाला "पीडीएफ आहे का?" असा मेसेज येतो. नाहीये. असली तरी नाहीये. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात ते बघा आणि मग विचारा.

तर मुद्दा अडण्याचा चालला होता. मी स्वतः जिथे सगळ्यात जास्त अडले ते पुस्तक म्हणजे 'सात सक्कं त्रेचाळीस', किरण नगरकर, १९७४. त्यांची पहिली कादंबरी आणि मराठीतली एकुलती एक, पुढच्या कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. मी ती तीनदा सुरू केली. काळ कुठून कुठे उडी मारतो, 'तू' म्हणजे कोण, आत्ता होती ती बाई कुठे गेली, काही पत्ता लागत नाही. दोनदा मी खाली ठेवली आणि दोन्ही वेळा मला स्वतःचाच राग आला, आपल्याला कळत नाही म्हणजे आपण मठ्ठ. तिसऱ्या वेळी एका वयस्कर ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, "अहो, जोडायला जाऊ नका. सुटं सुटं वाचा, जोडलं जायचं ते जाईल." एवढंच. आणि गंमत म्हणजे ते स्वतः म्हणाले की मला पण अजून सगळं जोडता आलेलं नाही. एवढं मोकळेपणानं कुणी सांगितलं की केवढं हलकं वाटतं! सुटं सुटं वाचलं तर त्यात असले काही प्रसंग आहेत की वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. कुणाला देऊ? अवघड आहे. एखादा माणूस गोष्टी मधूनच सांगायला लागला तरी ज्यांना चालतं त्यांना द्या.

आणि उलटं पण होतं बरं का, शिफारस अगदी बरोबर असते पण वेळ चुकते. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' मला सोळाव्या वर्षी दिली गेली, वाच म्हणजे डोळे उघडतील असं सांगून. माझे काही डोळे बिळे उघडले नाहीत, त्यात सारखं येणारं 'उदाहरणार्थ' मी मोजत बसले होते. तिशीत परत हातात आली तर बहिणीच्या मृत्यूच्या भागाशी मी आठवडाभर थांबले, पुढे जाववेना. पुस्तक तेच, १९६३ चंच. त्यामुळे कुणी मला म्हणलं की अमुक वाचलं आणि काहीच झालं नाही, तर मी वाद घालत नाही. कधी वाचलंस एवढंच विचारते.

सगळ्यात छान वाचन मात्र ह्या वर्षी मामीबरोबर झालं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण नको म्हणून सांगितलं आणि मामी म्हणजे रोज रात्री दहा पानं वाचल्याशिवाय न झोपणारी बाई. म्हणाली तू वाच, मी ऐकते. मी 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं आलं, सगळे त्याला थोर म्हणतात आणि थोर म्हणल्यामुळेच मी ते इतकी वर्षं टाळलं होतं. मोठ्यानं वाचायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी कळलं की हे डोळ्यांनी वाचायचं पुस्तकच नाही, ही बाई समोर बसून बोलतेय. लग्नानंतर लिहावाचायला शिकलेली बाई आणि वाक्य असं टाकते की आपण हसत असतानाच पोटात काहीतरी तुटतं. वडिलांचं सोवळ्याचं वेड तिनं असं सांगितलंय की मामी हसून हसून डोळे पुसायला लागली, मी ओरडले, अगं डोळे चोळू नकोस! मग १८९५ येतं, टिळक, म्हणजे तिचे यजमान ना. वा. टिळक, ख्रिस्ती होतात, लक्ष्मीबाई मागे राहतात, पुढे पाच वर्षांनी स्वतःही होतात, पण मधली ती वर्षं. मामी रोज म्हणायची, "ह्या टिळकांचा राग येतो बाई मला." आणि दुसऱ्या दिवशी, "काय करतायत गं आज टिळक?" म्हणजे शेजारी राहतात जसे काही.

ते संपल्यावर तिलाच विचारलं आता काय, तर म्हणाली काहीतरी नवीन आण. म्हणून कृष्णात खोतांचं 'रिंगाण' आणलं, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेलं. धरणामुळे उठवलेली माणसं आणि मागं जंगलात राहून रानटी झालेली म्हैस. कोल्हापूरकडची बोली आहे आणि मी एकटीनं मनात वाचायला लागले तेव्हा दर पानाला ठेचकाळत होते. मोठ्यानं वाचलं तर निम्मे शब्द आपोआप कळले आणि उरलेले मामीनं सांगितले. तिची तक्रार एकच होती, म्हशीला फार त्रास होतो. म्हणजे ज्यांना जनावरांचे हाल वाचवत नाहीत त्यांनी जरा बेतानं.

परदेशी पुस्तकांचं म्हणाल तर हल्ली माझ्या आजूबाजूला सगळे पातळ पुस्तकं मागतायत. मोठं काही झेपत नाही, फोन सोडवत नाही, मग दीडशे पानांच्या आतलं सांग. 'ऑर्बिटल' त्यामुळे बरंच फिरलं आमच्यात, सामंथा हार्वी यांचं, २०२४ चं बुकर. सहा अंतराळवीर, एक दिवस, त्या एका दिवसात पृथ्वीला सोळा फेऱ्या, सोळा सूर्योदय. तक्रार अर्थातच, "काही घडतच नाही." खरंय, नाही घडत. मला ते रात्री दोन-दोन फेऱ्या करून वाचायला आवडलं, पण एका दमात वाचणारीला पातळ असूनही जाड वाटलं. पातळच हवंय आणि घडायला पण हवंय तर आपलं 'रणांगण' आहे की, विश्राम बेडेकर, १९३९, युरोपातून निघालेलं जहाज, त्यावरचे ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. मी ह्याबद्दल फक्त एवढीच तक्रार करीन की रात्री झोपायच्या आधी संपवू नका. मी संपवलं आणि सकाळी ऑफिसात डोळे सुजवून गेले, लोकांना वाटलं घरी काही झालं.

हे लिहिताना 'रेत समाधी' शेजारीच उघडी आहे. माझी पावती अजून मागेच आहे, बाई भिंतीकडेच तोंड करून आहेत, सूनबाईंचं काहीतरी चाललंय, मुलगा रिटायर होतोय. काल रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला, "उठली एकदाची!!" आणि खाली नाचणारी बाई. मी रिप्लाय केला, पुढचं एक अक्षर सांगितलंस तर याद राख.