बुलेट ३५०: पुढचे स्प्रॉकेट सोळाचे, सतराचे की अठराचे?

क्लच आणि प्रायमरीची, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी, डुप्लेक्स (दुपदरी) चेन उतरवल्यावर गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट (मागच्या चाकाची चेन ओढणारे दातेरी चाक) एकदाचे समोर आले, तेव्हा ते परत झाकण्यापूर्वी दात्यांचा हिशेब नीट मांडून घ्यावा, असे ठरवले. ओतीव लोखंडी इंजिनाच्या, चार गिअरच्या जुन्या बुलेटमध्ये हे स्प्रॉकेट क्लचच्या मागे असल्यामुळे आज सतराचे लावून पाहू आणि नाही पटले तर पुढच्या रविवारी अठराचे, ही हौस फार महागात पडते. मागचे ३८ दाते ब्रेक ड्रमचाच भाग आहेत. ते बदलायचे म्हणजे अख्खा ड्रम बदलायचा. माझ्या ड्रमचे दाते झिजून एका बाजूला वाकलेले नाहीत, त्यामुळे मागची बाजू आहे तशीच राहील आणि निवड पुढच्या स्प्रॉकेटचीच करायची आहे.

प्रायमरीत इंजिनाकडे २५ आणि क्लचकडे ५६ दाते आहेत, म्हणजे २.२४ चे प्रमाण. चौथा गिअर सरळ एकास एक आहे. त्यामुळे टॉप गिअरमधले एकूण प्रमाण, म्हणजे मागच्या चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या, सोळाच्या स्प्रॉकेटवर ५.३२, सतराच्या स्प्रॉकेटवर ५.०१ आणि अठराच्या स्प्रॉकेटवर ४.७३ येते. ३.२५-१९ च्या मागच्या टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली, तर एका फेरीत ती जवळपास २ मीटर सरकते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजेच चाकाच्या ५०० फेऱ्या. तेव्हा त्या वेगाला इंजिन सोळावर सुमारे २६६०, सतरावर २५०० आणि अठरावर २३६५ फेऱ्यांनी फिरेल. ताशी ८० ला हेच आकडे ३५४५, ३३४० आणि ३१५० च्या आसपास जातात.

कागदावर अठरा मोहक दिसते आणि नागपूरहून वर्धा रोडने बुटीबोरीकडे एकट्याने जाणाऱ्याला ते आवडेलही. पण ३४६ सीसीच्या या इंजिनाची ताकद कारखान्याच्या आकड्याप्रमाणेच १८ अश्वशक्ती आहे आणि मागे माणूस बसवून चिखलदऱ्याचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्येही ते इंजिन गुदमरेल, असा माझा अंदाज आहे. शिवाय सलग वेगाने जाण्यासाठी ज्या समृद्धी महामार्गाचे नाव निघते, तेथे दुचाकीला प्रवेशच नाही. शहरातली गोष्ट वेगळी. पहिल्या गिअरचे प्रमाण २.७८ धरले, तर १५०० फेऱ्यांवर गाडी सोळाच्या स्प्रॉकेटने ताशी सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास चालते, अठराच्या स्प्रॉकेटने पावणेचौदाच्या. सीताबर्डीच्या गर्दीत हा दीड किलोमीटरचा फरक क्लचच्या प्लेटांना सोसावा लागतो, तोही मे महिन्याच्या उन्हात. सतराच्या स्प्रॉकेटने इंजिनाच्या फेऱ्या सोळाच्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी उतरतात आणि चढावर फार काही गमवावे लागत नाही.

सतराच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. चेनच्या कड्यांची संख्या साधारणपणे सम असते आणि तिच्यात आतल्या व बाहेरच्या पट्ट्यांच्या कड्या आळीपाळीने येतात. पुढचे दातेही सम असतील, तर ठरावीक दात्यांवर कायम आतल्याच कड्या बसतात आणि उरलेल्यांवर बाहेरच्या, त्यामुळे झीज एकाआड एक पडते. सतरासारख्या विषम संख्येत दर फेरीला ही जोडी बदलते आणि झीज सगळ्या दात्यांत वाटली जाते.

म्हणून सतराच.

चेनच्या मापाबाबत मात्र दुकानदाराच्या "बुलेटची चेन" या शब्दांवर विसंबू नये, कारण जुन्या गाडीवर आधीच्या मालकांनी काय बसवले असेल, हे सांगता येत नाही. ५२०, ५३० अशा मापातला पहिला आकडा कडीची लांबी इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. ५ म्हणजे पाच-अष्टमांश इंच, अर्थात १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे आतली रुंदी सांगतात: ५२० मध्ये ती पाव इंच असते, ५३० मध्ये तीन-अष्टमांश. दोन्हींची कडी तेवढीच लांब आणि रोलर तेवढाच, १०.१६ मिलिमीटरचा, असल्यामुळे ५३० ची चेन ५२० च्या दात्यांवर बिनबोभाट बसते, फिरतेही, पण आडवी डुलत राहते आणि दाते बाजूने खाते. उलट बाजूने ५२० ची चेन ५३० च्या जाड दात्यांवर बसतच नाही. त्यामुळे ड्रमच्या दात्याला व्हर्नियर लावावा: जाडी ६ मिलिमीटरच्या आत भरली तर ५२०, ९ च्या जवळ गेली तर ५३०. मी ड्रमच्या दात्याला जुळणारी चेन घेतली आणि पुढचे स्प्रॉकेटही त्याच जाडीचे निवडले. ओ-रिंगची (कड्यांत रबरी सील असलेली) चेन बाहेरून अधिक रुंद असते, म्हणून ती बसवण्याआधी प्रायमरी केसच्या मागच्या बाजूला तिच्या पिना घासत नाहीत ना, हे पाहावे लागेल. सध्या साधीच चेन घेतली असून तिला ९० नंबरचे ऑईल देणार आहे.

लांबीचा प्रश्न सोपा निघाला. पुढे एक दाता वाढला की चेन साधारण अर्धी कडी जास्त मागते. कड्यांची संख्या तीच ठेवली तर मागचे चाक सुमारे ४ मिलिमीटर पुढे सरकते. नव्या चेनवर अॅडजस्टरमध्ये तेवढी जागा शिल्लक आहे, त्यामुळे हाफ लिंक (एकच जास्तीची कडी) टाळता आली. चाक फिरवून चेन सर्वांत जास्त ताणलेली जागा शोधायची आणि तेथे मध्यभागी सुमारे २५ मिलिमीटरची ढील ठेवायची. चेन जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला आहे, हे पाहून घेतले आहे. नवे लॉक वॉशर हाती आले की स्प्रॉकेटचा नट कसून प्रायमरी केस बंद करीन.