इथे कुणाचे पापड नाहीत

छोटीच्या नावापुढची ओळ मी त्या रात्री तीनदा वाचली. ६-३, ६-३, ५-३, एक स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), पुन्हा ६-३. सॉफ्टबॉलच्या स्कोअरबुकात प्रत्येक जागेला आकडा असतो. फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, आणि सेकंड-थर्डच्या मध्ये उभी राहणारी शॉर्टस्टॉप ६. ६-३ म्हणजे चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला, तिने उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि पळणारी तिथे पोचण्याआधीच बाद. मागच्या मोसमात छोटी २१ वेळा बॅटिंगला आली होती. त्यातल्या १३ वेळा ती अशीच, मैदानाच्या डाव्या बाजूला जमिनीलगत चेंडू मारून बाद झाली होती.

मी जळगावातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. १७ वर्षांखालील मुलींचा संघ माझ्याकडे असतो. छोटी हे तिचं संघातलं नाव, तेव्हा ती नववीत होती. कोड्यात टाकणारी गोष्ट ही की तिचा चेंडू सहसा चुकायचाच नाही. बारा इंच घेराचा चेंडू, त्याच्यासमोर जाड भागातही जेमतेम ५.७ सेंटिमीटर व्यासाची बॅट, आणि विचार करायला अर्धा सेकंद. एवढ्यात बाकीच्या मुली हवेत बॅट फिरवत, पण ही दर वेळी चेंडूला बॅट लावायची. फक्त लावायची ती चेंडूच्या वरच्या अंगाला. मध्याच्या बोटभर वर लागला की चेंडू जमिनीत जातो, बोटभर खाली लागला की उंच उडून झेल होतो. मला हवी होती मधली गोष्ट, लाइन ड्राइव्ह. आतल्या फळीच्या डोक्यावरून सरळ जाणारा, बाहेरच्या फळीपुढे पडणारा फटका. जमिनीशी साधारण १० ते २५ अंशांचा कोन, बस.

मोसम संपल्यावर दीड महिना मी तिच्यामागे लागले होते. "मनगट वळवू नकोस. बॅट सपाट फिरव. खांदा उघडू नकोस." ती प्रत्येक वेळी "हो मॅडम" म्हणायची आणि पुढचा चेंडू पुन्हा शॉर्टस्टॉपकडे. मग तिचे चेंडू सुटायलाही लागले. एका सकाळी तिने बॅट पायाशी टेकवली आणि विचारलं, "मॅडम, मग मारू तरी कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच वेळी चार सूचना डोक्यात घेऊन कुणाला अर्ध्या सेकंदात बॅट फिरवता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. म्हणून तर त्या रात्री स्कोअरबुक काढून बसले.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी तिच्या घरी गेले, ते उन्हाळी शिबिराच्या संमतिपत्रावर वडिलांची सही घ्यायला. ऊन उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच थांबावं लागलं, कारण मध्ये क्रिकेट चालू होतं. रबरी चेंडू, विटांचा स्टंप आणि बॅटिंगला छोटी. तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा भाऊ बॉलिंग करत होता.

गल्ली अरुंद. तिच्या उजव्या हाताला, म्हणजे ऑफच्या बाजूला, एका काकूंचं घर. ओट्यावर, खाटेवर, पुढच्या ओसरीवर सगळीकडे जुनी लुगडी पसरून पापड आणि कुरडया वाळत घातलेल्या. डाव्या हाताला मात्र मोकळी जागा, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. भाऊ चेंडू टाकताना ओरडला, "दाब! खाली दाब!" छोटीने मनगटं वळवली, चेंडू टप्पे खात डावीकडे रस्त्यावर. तीन रन. सगळी पोरं ओरडली.

मी तिथेच उभी राहिले. गल्लीचे नियम मला एका लहान मुलाने सांगितले: डायरेक्ट उडवला तर आउट. काकूंकडे गेला तर आउट आणि खेळ बंद. भिंतीला डायरेक्ट लागला तरी आउट. छोटी या गल्लीत सहाव्या वर्षापासून खेळत होती.

म्हणजे माझ्यासमोर चुकीची सवय असलेली मुलगी नव्हतीच. आठ-नऊ वर्षं अवघड नियमांत टिकून राहिलेली एक फार चांगली बॅट्समन होती. उडणारा चेंडू म्हणजे आउट, हे तिच्या हातांना माहीत होतं. आणि मी त्या हातांना सांगत होते की वळू नका. ते कशाला ऐकतील? मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि गेल्या दीड महिन्यात तिला जे बोलले होते त्याचं वाईटही वाटलं.

सही घेतली, चहा झाला. निघताना तिच्या दादाला म्हटलं, "तिला तू छान शिकवलंयस." तो लाजला. मग मी त्याला उद्या सकाळी मैदानावर बोलावलं.

सकाळी पावणेसहाला आम्ही तिघं. आमच्या टी, म्हणजे चेंडू ठेवून मारायचे उभे दांडे, घरच्याच: रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात प्लास्टिकचा पाइप उभा केलेला, वर रबरी नळीचा तुकडा. दोन टी एकापुढे एक, वीतभर अंतरावर ठेवल्या आणि दोन्हींवर चेंडू. मागचा मारायचा, त्याने पुढचा उडवला पाहिजे. मनगट लवकर वळलं की मागचा चेंडू खाली जातो आणि पुढच्या पाइपवर आदळतो. मला काही बोलावंच लागत नाही. पहिल्या दहांत सात वेळा पाइप हलला.

मग पाच मीटरवर दोन बांबू रोवून आडव्या दोन दोऱ्या बांधल्या, एक पावणेदोन मीटरवर, दुसरी तीन मीटरवर. दादाने विचारलं, "एवढ्या वर?" मी म्हटलं, कमरेच्या उंचीवरून १० ते २५ अंशांत निघालेला चेंडू इथवर येईपर्यंत या दोन दोऱ्यांच्या मधूनच जातो. छोटीने दोरीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "म्हणजे उडवायचा?"

"उडवायचा. आणि उजवीकडे, सेकंड बेसच्या डोक्यावरून."

"काकूंच्या घराकडे?"

"इथे कुणाचे पापड नाहीत."

दादा खो खो हसला, तीही हसली. त्या दिवसापासून मी तिला मनगटाबद्दल एक शब्द बोलले नाही. फक्त टी थोडी मागे आणि बाहेरच्या बाजूला सरकवली. बाहेरचा चेंडू शरीराच्या फार पुढे गाठायला गेलं की मनगटं आपोआप वळतात आणि तो डावीकडे ओढला जातो. थोडा आत येऊ दिला, की चेंडूला बॅट लागताना उजवा तळहात वर आणि डावा खाली राहतो, नि फटका उजवीकडे सरळ निघतो. मे महिनाभर रोज साठ चेंडू, त्यापेक्षा जास्त नाही. थकलेले हात जुन्या वाटेने जातात. दादा कामावर जाण्याआधी येऊन गुडघ्यावर बसून तिला बाजूने हलके चेंडू टाकायचा आणि ओरडायचा, "पापड नाहीत!" जूनमध्ये शाळा सुरू झाली तोवर सगळा संघ तेच ओरडायला लागला होता.

जिल्हास्तरीय सामना सप्टेंबरात झाला. समोरच्या संघाला छोटी माहीत होती. ती आली तशी शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस दोघी पुढे सरकल्या. पहिल्या खेपेला तिने तेच केलं, ६-३. सामन्यात हात घाबरतात, मला ते अपेक्षित होतं.

दुसऱ्या खेपेला एक बाद आणि आमची एक मुलगी फर्स्ट बेसवर. बाहेरचा चेंडू आला, छोटीने तो आत येऊ दिला आणि मारला. त्या फटक्याचा आवाज मला अजून आठवतो. चेंडू उजवीकडे सणसणत गेला, आणि सेकंड बेसच्या मुलीने उडी मारून तो ग्लोव्हमध्ये अडकवला. आमची पळणारी आवाजासरशी निघालेली. ती बेसवर परतण्याआधीच चेंडू फर्स्ट बेसला, आणि एका फटक्यात दोन बाद. एकूण तीन बाद, डाव संपला.

समोरचे नाचत होते. आमच्या बाकावर शांतता. मी मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि शेजारचे सहकारी माझ्याकडे बघत राहिले. छोटी मान खाली घालून आली. "मॅडम, माझ्यामुळे दोघी गेल्या."

"पिचरने टाकला कुठे होता?"

"बाहेर."

"तू मारलास कुठे?"

तिने उजवीकडे बोट दाखवलं.

"मग पुढच्या वेळीही तोच मार."

हेल्मेट काढताना तिचा हात थरथरत होता. सहाव्या डावात ती पुन्हा गेली. पहिला चेंडू सोडला, स्ट्राइक. दुसरा पुन्हा बाहेर. या वेळी तो सेकंड बेसच्या ग्लोव्हच्या वीतभर वरून गेला, बाहेरच्या दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला आणि लांब घरंगळला. छोटी सेकंड बेसवर जाऊन थांबली. प्रेक्षकांतून दादाचा आवाज आला, मैदानाच्या या टोकापर्यंत.

सामना आम्ही एका रनने हरलो. ती तिथेच सेकंडवर अडकून राहिली, पुढच्या दोघी बाद झाल्या. रिक्षात बसल्यावर तिने स्कोअरबुक मागितलं आणि आपली ओळ शोधली. ६-३. मग एल ४-३. "एल म्हणजे?" मी सांगितलं, लाइन ड्राइव्ह. तिने त्या अक्षरावरून बोट फिरवलं. सेकंडपर्यंतच्या फटक्याच्या चौकटीकडे तिने फारसं पाहिलंही नाही.

"मॅडम, या पानाचा फोटो द्याल? दादाला एल दाखवायचाय."


रिक्षा हलत होती, पहिला फोटो हललेला आला. सिग्नलला थांबल्यावर दुसरा काढला.