एडिसनचा कॅम्प किल्मर : बोटीआधीचा शेवटचा मुक्काम

जळगाव-धुळ्याकडचे कितीतरी आईवडील लेकाकडे नाहीतर लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला येतात, ओक ट्री रोडवर बाजारहाट करतात आणि सहा महिन्यांनी परततात. जवळच दुसऱ्या महायुद्धातला कॅम्प किल्मर होता, म्हणजे बोटीने युद्धावर निघालेल्या अमेरिकी सैनिकांची छावणी, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

जून 1942 मध्ये छावणी सुरू झाली. सुमारे दीड हजार एकर जमीन, हजारावर लाकडी इमारती. जागा हीच का, हे भुसावळकरांना समजवायला नको: रेल्वेचे फाटे थेट आत येत आणि न्यू यॉर्क बंदर जवळ.

फौजेच्या गाड्या देशभरातून वाटेल तेव्हा येणार, बोट मात्र धक्क्यावर ताटकळत ठेवता येत नाही. फौज नेणारं 'क्वीन मेरी' हे प्रचंड जहाज घ्या: ती जुलै 1943 मध्ये 16,683 माणसं घेऊन निघाली. एवढे लोक गोदीवर थांबवले तर जागा पुरणार नाही आणि सुटण्याची खबर फुटणार, ते वेगळंच. म्हणून बोट लागेपर्यंत त्यांना इथे ठेवायचं आणि तेवढ्यात तयारी उरकायची.

तयारी म्हणजे बहुतेक कारकुनी. लसी टोचल्या का, दात-चष्मा ठीक आहे का, पगाराची कागदपत्रं, विमा, मृत्युपत्र. मग सगळं सामान खाटेवर मांडून एकेक वस्तू यादीशी ताडायची. फाटका बूट, बिघडलेला गॅस मास्क तिथेच बदलायचा. खांद्यावरची तुकडीची चिन्हं उसवायची, म्हणजे कोणती तुकडी चालली ते बाहेर कळू नये. हुकूम सुटला की बाहेर जाणं आणि फोन, दोन्ही बंद.

खरी गंमत खडूच्या आकड्यात. प्रत्येकाच्या हेल्मेटवर प्रवासी यादीतला क्रमांक लिहीत. आगगाडी, मग फेरीबोट, मग जहाजाची शिडी, सगळीकडे रांग त्याच क्रमाने. शिडीपाशी कारकून आडनाव पुकारी, शिपाई स्वतःचं नाव सांगून वर चढे. ऐनवेळी गोवर-गालगुंड निघाला की घोळ: माणूस दवाखान्यात, यादीत खाडाखोड, शेजारच्या खाटांवरचेही अडकण्याची भीती.

असे जाणारे-येणारे मिळून 25 लाखांच्या आसपास. युद्धानंतर, 1956-57 मध्ये, हंगेरीतून आलेल्या तीस हजारांवर निर्वासितांना इथेच उतरवलं.

आज बऱ्याच जागेवर रटगर्स विद्यापीठाचा लिव्हिंग्स्टन परिसर आहे. बराकी शोधत हिंडू नका, निराशा होईल. जॉइस किल्मर ॲव्हेन्यूची पाटी मात्र दिसेल. हा किल्मर शेजारच्या न्यू ब्रन्सविकचा कवी, 1918 मध्ये फ्रान्समध्ये लढताना गेला.