तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांसाठी गोव्यातलं गाव, कमी खर्चात

पुण्या-कोल्हापूरच्या मैत्रिणी मला हा प्रश्न सारखा विचारतात, की आम्ही दोघंच आहोत, मुलं नाहीत, दोन रात्री गोव्यात यायचंय पण बीच नको, गाव हवंय आणि खर्च आवाक्यातला हवा, तर कुठे जाऊ? मी गोव्यातल्या फोंड्याची, आमच्याही घरात आम्ही दोघंच, त्यामुळे याचं उत्तर द्यायला मला फार आवडतं.

आधी जागा नाही, वार ठरवा. शाळेची सुट्टी बघून निघायची तुम्हाला गरजच नाही, मग मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते न्यू इयर या गर्दीत कशाला शिरायचं? ऑफिसातून रजा मिळत असेल तर सोमवारी या, बुधवारी परत जा. शनिवार-रविवारी महाग असलेली खोली मधल्या वारी बऱ्याचदा स्वस्त मिळते, आणि घरच्या माणसांनाही तुमच्याशी बोलायला सवड असते. दिवाळीची गर्दी ओसरल्यावरचा नोव्हेंबर मला सगळ्यात बरा वाटतो, पाऊस गेलेला असतो पण डोंगर अजून हिरवे आणि व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, पाणी असतं.

आणि जागा विचाराल तर सत्तरी तालुका. पणजीहून कदंबा बसने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, साखळीवरून वाळपईला या, तिकडे आजूबाजूच्या गावांत कुळागरात होमस्टे आहेत. कुळागर म्हणजे माडा-पोफळींची बाग, मध्ये केळी, पोफळीवर चढलेली मिरवेल आणि मधून खेळवलेलं पाणी, दुपारी बाहेर रखरखीत ऊन असलं तरी आत गारवा. दोघांना एक साधी खोली पुरते, पूल आणि कॉटेजच्या पॅकेजवर पैसे घालवू नका. फोनवरच विचारून घ्या की दर जेवणासकट आहे का, कारण रात्री आठनंतर गावात बाहेर जेवण मिळेल या भरवशावर राहता येत नाही. घरचं जेवण म्हणजे उकडा भात, हुमण (माशांची आमटी) नाहीतर खतखतें (मिश्र भाज्यांची आमटी), सोलकढी, आणि मी तर म्हणेन की एवढ्यासाठीच या.

मधला अख्खा दिवस तांबडी सुर्लाच्या महादेवाला द्या. देऊळ कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं, आणि गोव्यात सगळीकडे दिसतो तो तांबडा जांभा, त्यामुळे हा दगड घाटावरून आणला असं मानतात. घाटाच्या पायथ्याशी इतकं आत जंगलात असल्यामुळे ते पोर्तुगीजांच्या तडाख्यातून वाचलं असंही म्हणतात. मंडपातला तो शीर नसलेला नंदी, खांबांवरचं बारीक कोरीवकाम, छतातलं कमळ, शेजारून वाहणारी नदी, हे सगळं बघायला सकाळी लवकर जा आणि नुसते बसा, तासभर, दोन तास, कोणाला भूक लागली, कोण कंटाळलं असं काही नसतं ना, ही मोकळीक दोघांनाच मिळते. तिथे बसवर अवलंबून राहू नका, स्कूटर भाड्याने घ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, तीच कायदेशीर.

परतीच्या दिवशी साखळीजवळ हरवळेचा धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ, एवढं बास. पावसाळ्यात येणार असाल तर अभयारण्यातल्या धबधब्यांवर वनखात्याची बंदी असू शकते, हे धरून चला.

बजेट अगदीच कमी असेल तर आमच्या फोंड्याच्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्या, आहेत, मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या बाजूला, राहणं साधं, मांस-दारू चालत नाही, आणि उत्सवाच्या दिवसांत जागा मिळणं कठीण. तिथून जुन्या गोव्याला जाऊन फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येतं, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. गावातल्या बायका विचारणार, "भुरगीं ना?" म्हणजे मुलं नाहीत का. "ना, आमी दोगांच" म्हणा, बस. मला हे विचारलेलं आधी लागायचं, आता नाही लागत, कारण विचारणारीच मग पानात आणखी भात वाढते आणि सकाळी निघताना केळी हातात देते.

कॅश वाळपईतच काढून ठेवा, आत गावांत रेंज धड नसते मग यूपीआय अडकतं. आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते बसमधून उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.