आमची वाटचाल : कॅसेटपासून पीएस-फाइव्हपर्यंत

बेळगावच्या शहापुरातलं आमचं दुकान मुळात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. मावसभाऊ टीव्ही दुरुस्त करायचा आणि मी व्हिडिओ गेमची मशीनं, कारण ते काम त्याला पोरखेळ वाटायचं. तेव्हा घरोघरी कॅसेटवाले डबे होते, 1983 च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. मुख्य चिपवर काळ्या लाखेसारखा ठिपका, तिथे कुणाचंच काही चालत नाही. पण निम्मे डबे तिथे मरतच नसत. कुणीतरी प्लस-मायनस उलटा असलेला अडॅप्टर लावलेला असायचा, नाहीतर पाच व्होल्ट देणारा 7805 रेग्युलेटर गेलेला. नवा 7805 घाला, पोरगं हसत घरी. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका हो, तोंडाच्या ओलीनं पिना काळ्या पडतात. खोडरबरानं हलकं घासा.

पुढे पीएस-टू, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन 2 आलं आणि त्यानं आमचं घर चालवलं. 2000 साली निघालेलं मशीन, कंपनीनं 2013 पर्यंत बनवलं, यावरूनच काय ते समजा. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखे आहेत ते निपाणीचे अण्णा. त्यांचं गेम पार्लर होतं. मशीनं पोत्यात घालून एसटीनं यायचे, अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत. तक्रार ठरलेली: ‘डिस्क रीड एरर’. जुन्या जाड पीएस-टूच्या लेन्सशेजारी एक पांढरं दातेरी चाक असतं, त्यानं लेन्सचा कल बदलतो. आधीच्या जागेवर मार्करनं खूण करायची, एक दात फिरवायचं, डिस्क लावून बघायची, परत एक दात. त्याआधी लेन्स आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसायची आणि रुळांवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावायचं. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे. अण्णा स्टुलावर बसून चहा पीत बघत राहायचे, ‘झालं का?’ एवढंच विचारायचे.

मग आले एक्सबॉक्स 360 आणि पीएस-थ्री. 360 वर तीन लाल दिवे लागले की मशीन संपलं. मायक्रोसॉफ्टनं 2007 मध्ये त्यासाठी वॉरंटी तीन वर्षं केली, शंभर कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. पण आमच्याकडचे बरेच डबे आखातातल्या पाहुण्यांनी आणलेले, त्यांना इथे कसली वॉरंटी? दोष चिपच्या पोटातल्या बारीक जोडांत होता. तापून-थंडावून तिथे तडे जातात. वरून गरम हवा मारली की ते जोड काही दिवस टेकतात आणि मशीन चालू होतं. म्हणजे बरं झालं असं नाही.

बाजारात एक नवं दुकान निघालं होतं, नाव लिहीत नाही. ते हेच करायचे. हीटगन घ्यायची, चिपवर धरायची, अर्ध्या तासात मशीन हातात. वर ‘सहा महिने गॅरंटी’ तोंडी. मी गिऱ्हाइकाला खरं सांगायचो की हे टिकणार नाही, चिपच बदलावी लागेल, पैसे जास्त पडतील. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘तिकडं होतंय की, तुम्हालाच कसं जमत नाही?’ महिन्याभरात तेच मशीन माझ्या टेबलावर यायचं. कनेक्टरचं प्लास्टिक वितळलेलं, शेजारचे कपॅसिटर फुगलेले. तोवर त्या दुकानानं ‘बोर्डच गेला’ सांगून हात झटकलेले असायचे, आणि शहापूरवाल्याला काम येत नाही हेही गावभर केलेलं असायचं. हे मी आजही विसरलेलो नाही.

त्यात सीमाप्रश्नावरून एसटी बंद पडल्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोल्हापूरमार्गे येणारं सुट्या भागांचं पार्सल अडायचं. भाडं थकलं, मालक शटरला कुलूप लावायची भाषा करू लागले. मावसभाऊ पुण्याला नोकरीला गेला, त्याला दोष देत नाही. अण्णांनी तेव्हा पार्लरमधल्या सगळ्या मशीनच्या सर्व्हिसचे पैसे आगाऊ दिले. पावती मागितली नाही. त्या पैशांतून मी एसएमडी रीवर्क स्टेशन, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग गरम हवेनं काढायचं-बसवायचं यंत्र घेतलं, ते अजून चालतंय, नोझल तेवढं बदललं.

आज जास्त येतात ते एचडीएमआय पोर्ट तुटलेले पीएस-फोर. एकोणीस पिना, खाली प्रीहीट, वरून गरम हवा, फ्लक्स भरपूर. ओढून काढलं तर बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडतात, मग बारीक तारेचे जंपर टाकत बसा. दुसरी तक्रार झुरळांची, हसू नका. पीएस-फोरच्या पॉवर सप्लायमध्ये ऊब असते, ती तिथेच संसार थाटतात. टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबून ठेवलेलं मशीन हमखास असं येतं. पीएस-फाइव्ह तर घरी उघडूच नका, चिपवर लिक्विड मेटल असतं, बोर्डावर सांडलं तर शॉर्ट. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग, एचडीएमआय, लॅनची वायर, तिन्ही काढा. केबलवाल्याच्या वायरीतून आलेली वीज खालपर्यंत जाळत जाते.

हीटगनवाले आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांचा पुतण्या परवा पीएस-फोर घेऊन आला होता. मी नेहमीचाच दर लावला, एक रुपया कमी नाही.

रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. येताना पॉवर केबल आणि रिमोट दोन्ही आणा, नुसता डबा ठेवून ‘बघा की जरा’ म्हणू नका.