पासपोर्टवरचा शिक्का २०२६ पर्यंत होता

ऑक्टोबर २०२४ मधला गुरुवार. न्यू जर्सीत एडिसनला इमिग्रेशन वकिलांच्या ज्या ऑफिसात मी पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) म्हणून काम करते, तिथला फोन सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वाजला. इतक्या लवकर येणारा फोन बहुधा अडचणीचाच असतो.

"ताई, बाबांना काल रात्री आयसीयूत हलवलंय. मी आज रात्रीचं मुंबईचं तिकीट काढलंय. माझं ग्रीन कार्डचं चालू आहे, पण व्हिसाचा शिक्का २०२६ पर्यंत आहे, आय-२० वर कॉलेजची सहीही आहे. जाऊन आले तर चालेल ना?"

मी विचारलं, "आय-४८५ भरलायस?" (आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्ज. आय-२० हा विद्यार्थी असल्याचा कॉलेजने दिलेला कागद.)

"हो, जूनमध्ये. आम्ही दोघांनीच भरला."

"आणि आय-१३१?"

"तो कुठला?"

"अगं, प्रवासाच्या परवानगीचा. मग आज निघू नकोस. तिकीट उद्या रात्रीवर ढकल आणि पासपोर्ट, आय-२०, सगळ्या पावत्या घेऊन ताबडतोब इकडे ये."

ती नऊला आली. कोल्हापूर जिल्ह्यातली, २०२१ साली एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एम.एस. करायला आलेली. पदवीनंतर ओपीटी (विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी) आणि मग स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठीची, दोन वर्षांची वाढ मिळाली, त्यावर एका कंपनीत नोकरी. नवरा न्यू जर्सीतच जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक. फेब्रुवारीत टाउनशिपच्या ऑफिसात लग्न झालेलं. फाइल मी उघडून पाहिली, आणि खरं सांगते, दोघांनी ती फार नीट लावली होती. आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज), आय-१३०ए, आय-४८५, आय-८६४ (नवऱ्याची आर्थिक हमी), जन्मदाखल्याचं भाषांतर, एकत्र खात्याची स्टेटमेंटं, घराचा करारनामा, फोटो. नवऱ्याचा पगार दोन माणसांच्या कुटुंबाला त्या वर्षी लागणाऱ्या २५,५५० डॉलरच्या बराच वर. बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) जुलैतच झालेली. चूक एकच होती, आणि तिचं मूळ पैशात होतं.

१ एप्रिल २०२४ च्या आधी आय-४८५ ची फी बायोमेट्रिक्स धरून १,२२५ डॉलर होती आणि तिच्यातच कामाचं कार्ड (आय-७६५) आणि प्रवासाची परवानगी (आय-१३१) मिळायची. त्यानंतर सगळं सुटं झालं. आय-४८५ चे १,४४०, कागदी आय-१३० चे ६७५, आय-७६५ चे २६० आणि आय-१३१ चे ६३०. या दोघांनी हिशेब केला की ओपीटीचं कार्ड हातात आहे, मग कामाचं दुसरं कार्ड कशाला? व्हिसाचा शिक्का चालू आहे, मग प्रवासाचा कागद कशाला? ८९० डॉलर वाचवले. नव्या फीनंतर हा हिशेब करून आलेली बरीच जोडपी मी पाहिली. घरभाडं आणि कर्जाचे हप्ते चालू असताना ८९० डॉलर ही छोटी रक्कम नाही, त्यामुळे त्यांना दोष द्यावासा मला कधी वाटत नाही.

"शिक्का चालू आहे म्हणजे जाता येतं" हे तिला एका मित्राने सांगितलं होतं. तो मित्र खोटं बोलत नव्हता. तो स्वतः एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होता, त्याचाही आय-४८५ प्रलंबित होता, आणि तो पुण्याला जाऊन एच-१ च्या शिक्क्यावर सुखरूप परत आला होता. एच-१ आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांवाल्यांना (आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४, एल-२ वाल्यांना) नियमानेच ही सूट आहे. एफ-१ ला ती नाही. विद्यार्थ्याने आय-४८५ भरला आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा कागद हातात नसताना देश सोडला, की अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. विमानाने जमीन सोडली, की १,४४० डॉलरही गेले आणि रांगेतली जागाही. (पॅरोल या शब्दाने घरचे लोक दचकतात. तुरुंगाशी याचा संबंध नाही. परत आल्यावर आत येऊ देण्याची ही आगाऊ परवानगी.)

आय-२० वरच्या सहीने तिचा विश्वास आणखी पक्का झाला होता. पण कॉलेजचा सल्लागार ती सही फक्त विद्यार्थी म्हणून तिची नोंद चालू आहे एवढं पाहून करतो. आय-४८५ भरलाय हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

समजा, ती त्या रात्री निघाली असती. परत येताना न्यूअर्कला अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर प्रलंबित आय-४८५ दिसला असता. एफ-१ हा शिकून परत जाणाऱ्याचा व्हिसा. कायमचं राहण्याचा अर्ज दिलेल्या माणसाला त्यावर आत घेणं त्याने नाकारलं असतं, तर शिक्का रद्द होऊन तिथूनच परत पाठवणी, आणि आदेश निघाला तर पाच वर्षांची बंदी. आत सोडलं असतं, तर मला त्याची जास्त भीती वाटते. कारण मग महिनोनमहिने काहीच कळत नाही, माणूस निर्धास्त राहतो, आणि मुलाखतीच्या टेबलावर अधिकारी पासपोर्ट चाळताना विचारतो, "ऑक्टोबरमध्ये बाहेर कशावर गेला होतात?" अर्ज तिथेच संपतो. पुन्हा भरायचा, तर पुन्हा पूर्ण फी, आणि शिवाय नवा प्रश्न: कायमचं राहायचं मनात असताना विद्यार्थी म्हणून आत आलात, हे खोटं सांगणं नाही का?

कोल्हापुरातच अडकली असती, तरी रस्ता पूर्ण बंद नव्हता. नवऱ्याचा आय-१३० मरत नाही. तो मंजूर झाला की नॅशनल व्हिसा सेंटर, मग डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, मग मुंबईत बीकेसीच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. पण या वाटेला बहुधा वर्षाहून अधिक लागतं आणि नोकरी तोवर थांबत नाही.

आमचे वकील आले, त्यांनी जी-२८ वर (वकीलपत्रावर) तिची सही घेतली आणि ठरलं, तातडीचा अ‍ॅडव्हान्स पॅरोल मागायचा. त्याची सोय आहे, पण ती फील्ड ऑफिसच्या खिडकीवर, आणि तिथपर्यंतची एक वाट यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या ८००-३७५-५२८३ या फोनवरून जाते. यंत्राचा आवाज कामाचं स्वरूप विचारतो, तेव्हा "इन्फोपास" (खिडकीवरच्या अपॉइंटमेंटचं जुनं नाव) म्हटलं की पुढे माणसापर्यंत पोचायची शक्यता वाढते. पहिला माणूस अपॉइंटमेंट देत नाही. तो नोंद घेतो आणि वरच्या पातळीवरचा अधिकारी उलट फोन करतो. तो फोन कधी येईल याचा नेम नाही आणि चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तिचा मोबाइल मी माझ्या टेबलावर, आवाज पूर्ण वाढवून ठेवायला लावला.

दरम्यान कागद. हॉस्पिटलचं पत्र सर्वांत महत्त्वाचं, आणि घड्याळ आमच्या विरुद्ध होतं. आमचे साडेनऊ म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे सात. डॉक्टर संध्याकाळचा राउंड आटोपून निघाले असते तर पत्र दुसऱ्या दिवसावर गेलं असतं. तिच्या भावाला फोनवर मी मजकूर सांगितला: लेटरहेडवर, इंग्रजीत, आजची तारीख, पेशंटचं पूर्ण नाव, कधी दाखल केलं, आजार काय, प्रकृती गंभीर आहे हे स्पष्ट शब्दांत, मुलीने येणं गरजेचं आहे हे वाक्य, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, फोन नंबर. "पेशंट इज अंडर ट्रीटमेंट" एवढ्याच ओळीचं पत्र आणलं तर खिडकीवरचा अधिकारी तातडी कशी ठरवणार? भाऊ धावत वर गेला. चाळीस मिनिटांत स्कॅन आलं.

आणि त्यात अडचण निघाली. पत्रावर वडिलांच्या नावापुढे "राव" लावलेलं, तिच्या नावात मधलं नाव म्हणून येतं ते नुसतं. शिवाय ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा. नाव नंतर ठेवलं, नोंदवायचं राहून गेलं. हे आपल्याकडच्या दाखल्यांत इतक्या वेळा दिसतं, की आय-४८५ सोबत तिने शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं आधीच जोडली होती. मराठी माणसाला "राव" म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. न्यूअर्कच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी माणसं. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव होतं, तेही "राव" शिवाय. भावाने वडिलांचं आधार कार्ड पाठवलं, त्यावरही "राव" नव्हतं. मग डॉक्टरांकडून पत्रच दुरुस्त करून घेतलं. अधिकाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा कागदच जुळता असलेला बरा.

उलट फोन दुपारी सव्वादोनला आला. तिला काय बोलायचं ते आधी सांगून ठेवलं होतं: पावती क्रमांक, ए-नंबर (इमिग्रेशन खात्यातला तिचा नोंदणी क्रमांक), कारण एका वाक्यात, प्रवासाची तारीख. रडू आलं तरी या चार गोष्टी आधी. शुक्रवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली, न्यूअर्कच्या फील्ड ऑफिसची.

गुरुवारची उरलेली दुपार दुसऱ्या कागदावर गेली, आणि माझ्या मते हाच भाग लोकांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर परत येणारा माणूस विद्यार्थी म्हणून आत येत नाही. एफ-१ तिथे संपतो. एफ-१ संपला की त्यावर उभी असलेली ओपीटीही संपते. कार्डावर २०२६ ची तारीख छापलेली असली तरी त्यावर काम करता येत नाही. म्हणजे ती बाबांना भेटून परत येणार, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकणार नाही. त्यासाठी सी-९ या, म्हणजे आय-४८५ प्रलंबित असलेल्यांच्या, वर्गातलं कामाचं कार्ड हवं, जे जूनमध्ये २६० डॉलर वाचवायला मागितलंच नव्हतं. तिने सही करून आय-७६५, आय-४८५ च्या पावतीची प्रत आणि फी असं पाकीट त्याच संध्याकाळी रवाना केलं. ते कार्ड लगेच येणार नाही हेही सांगून टाकलं. एफ-१ सोडण्याचा दुसरा अर्थही वकिलांनी तिला शांतपणे समजावला: उद्या आय-४८५ नाकारला गेला तर परत उभं राहायला विद्यार्थी म्हणून जमीन उरत नाही. तिने क्षणभरही विचार केला नाही. "बाबा आधी," म्हणाली.

शुक्रवारी भरलेला आय-१३१, ६३० डॉलरची फी, दोन इंच बाय दोन इंचाचे दोन फोटो, पत्र, आधारची प्रत, तिकीट आणि पासपोर्ट. अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले: आजार कधीपासून आणि परत कधी येणार. मग आम्हाला बसवलं. पावणेदोनला आय-५१२एल हा पॅरोलचा, तिचा फोटो असलेला कागद हातात आला. खिडकीसमोरून हलण्याआधी मी नाव, जन्मतारीख, ए-नंबर आणि मुदत वाचून घेतली. एक अक्षर चुकलं तरी ते तिथेच दुरुस्त करून घ्यायचं असतं. मुदत दोन महिन्यांची, एकाच फेरीसाठी.

"परत येताना आय-२० काढून दाखवू नकोस," मी तिला पार्किंगमध्ये सांगितलं. "हा कागद, आय-४८५ ची पावती, लग्नाचा दाखला. तुला बाजूच्या खोलीत नेऊन बसवतील. घाबरू नकोस, पॅरोलवाल्या बहुतेक सगळ्यांना नेतात."

ती तीन आठवड्यांनी आली. त्या खोलीत दोन तास बसली, आय-९४ वर (देशात आल्याच्या नोंदीवर) डीए हा पॅरोलचा वर्ग आला. बाबा तोवर आयसीयूतून बाहेर आले होते. कामावर मात्र ती लगेच गेली नाही: आधीच बोलणं केल्याप्रमाणे कंपनीने बिनपगारी रजा दिली, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाला तिने स्वतः मेल करून कळवलं, आणि सी-९ चं कार्ड आल्यावरच कंपनीने आय-९ ची (कामाच्या परवानगीची) नोंद बदलून तिला पुन्हा रुजू केलं.

ती कोल्हापुरात असतानाच इथे पत्र आलं होतं: वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ जोडलेला नाही, ८४ दिवसांत पाठवा. नवऱ्याने ते मला दाखवलं आणि मी तिला तिकडे निरोप दिला की घरात असशील तोवर लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोध. आईने ते ट्रंकेतून काढलं. त्यात बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी आणि गोवर होती. गालगुंड आणि रुबेला नव्हत्या, त्यामुळे एमएमआर इथे घ्यावी लागली. क्षयासाठी रक्ताचीच चाचणी असते, बीसीजी घेतली असली तरी ती फसत नाही. तिची निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी मोहोरबंद केलेलं पाकीट तिने न फोडता माझ्याकडे आणून दिलं आणि एकसष्टाव्या दिवशी ते पोस्टात पडलं.